रिपोर्ट नॉर्मल आहेत, पण मी नाहीये

पत्र असं आलंय, थोडं कापून देतेय:

"ताई, लिहू की नको करत बरेच दिवस गेले. वय ४६. कोविड मला दोनदा होऊन गेला, दोन्ही वेळा घरच्या घरी, ताप खोकला आणि संपलं. घरात कुणी गेलं नाही, दोघांच्या नोकऱ्या टिकल्या (मावशी गेली, लहानपणी मला तिनेच सांभाळलेलं, पण शेवटचं फोनवरच बघितलं), म्हणजे तसं आमचं चांगलंच म्हणायचं. पण साथ संपली असं सगळे म्हणायला लागले तेव्हापासून मी जास्तच ढेपाळलेय. रात्री तीनला टक्क जाग येते, छातीत धडधड, सकाळी उठते तर झोपलेच नव्हते असं अंग. अवेळी फोन वाजला की पोटात गोळा येतो. बोलता बोलता साधे शब्द सापडत नाहीत. लिफ्टमध्ये मागे कुणी खोकलं की मी श्वास धरून मजले मोजते. केस गळतायत. बहीण म्हणाली चालायला लाग, सगळं सुटेल, म्हणून रविवारी संध्याकाळी जोर लावून तासभर चालले, त्या दिवशी मस्त वाटलं आणि मंगळवारी अंथरुणातून उठवेना, दोन दिवस सुट्टी टाकली. डॉक्टर म्हणाले रिपोर्ट नॉर्मल. मिस्टर म्हणतात मनाचे खेळ आहेत. मुलगा १५ वर्षांचा, दार लावून बसतो. सासरे रोज फिरायला जायचे ते बंदच झालं. हे माझं शरीराचं आहे का मनाचं? आणि ज्यांची माणसं गेली त्यांच्यासमोर मी तक्रार करावी तरी का?
– एक दमलेली"

तू मला ताई म्हटलंस म्हणून मी सरळ तू म्हणते.

तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तो सुटल्याशिवाय तू डॉक्टरकडे गेलीस तरी अर्धं सांगून परत येणार, आणि मला वाटतं एकदा तसं झालंयच. तक्रार करायला लायसन लागत नाही ग. दुसऱ्याचं दुःख मोठं आहे म्हणून तुझी झोप येत नाही ना परत? जागतिक आरोग्य संघटनेनं ११ मार्च २०२० ला महामारी म्हटलं आणि ५ मे २०२३ ला जागतिक आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं, म्हणजे मध्ये तीन वर्षांहून जास्त काळ गेला, आणि त्यातल्या पहिल्याच वर्षात जगभरात चिंता आणि डिप्रेशनचं प्रमाण साधारण २५ टक्क्यांनी वाढलं असं त्याच संघटनेनं २०२२ मध्ये सांगितलं. त्याच्या आधी २०२१ मध्ये लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये एक मोठा अंदाज आला होता, की एकट्या २०२० मध्ये जगात डिप्रेशनचे सुमारे ५.३ कोटी आणि चिंतेच्या आजाराचे सुमारे ७.६ कोटी जास्तीचे रुग्ण झाले, आणि त्यात बायका आणि तरुण मुलं यांच्यावर भार जास्त पडला. बायकांवर का हे तुला सांगायला नको. घर, ऑफिस, शाळा आणि दवाखाना हे सगळं एकाच छताखाली आल्यावर ते कोण चालवत होतं?

आणि ह्या कोट्यवधी लोकांमध्ये ज्यांच्या घरात कुणी गेलं नाही असे पण भरपूर आहेत. तेव्हा हक्काचा विषय इथे बंद.

आता शरीर का मन. ह्याचं उत्तर दोन्ही असं दिलं की माणसाला वाटतं टाळलं, म्हणून जरा खोलात जाऊन सांगते. धोका दिसला की शरीर अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल सोडतं, हृदय जोरात चालतं, स्नायू आवळतात, रक्तात साखर वाढते, पचन मागे पडतं, झोप उडते. ही सोय आहे थोड्या वेळासाठी, धोका टळला की सगळं खाली यायला पाहिजे. पण ह्या साथीला शेवटच नव्हता, आधी म्हणाले दोन-तीन आठवडे, मग महिने, मग लाट, मग पुढची लाट, मग नवीन व्हेरियंट, दर वेळी आता संपेल वाटायचं आणि परत सुरू. तुझ्या शरीरातला वॉचमन तीन वर्षं रात्रपाळी करतोय आणि ड्युटी संपली हे त्याला अजून कुणी सांगितलेलंच नाहीये. मग छातीत धडधड, जबडा आवळून दात खाणं, मान धरणं, पोट बिघडणं, बीपी वाढणं हे सगळं होतं आणि ते अगदी खरं शरीरात होतं, कल्पनेत नाही. मिस्टरांना हे वाचून दाखव. मनातून सुरू झालेलं दुखणं पण शरीरातच दुखतं.

फोनचंच बघ. त्या महिन्यांत अवेळी वाजलेला फोन म्हणजे कुणाला तरी ॲडमिट केलंय, बेड मिळत नाहीये, नाहीतर कुणीतरी गेलं. रिंगटोन तीच राहिली. मेंदूने तो आवाज आणि ती बातमी एकत्र बांधून ठेवली, आता फोन सेल्सवाल्याचा का असेना, पोटात गोळा आधी येतो आणि स्क्रीनवर नाव कुणाचंय ते नंतर दिसतं. आजच रिंगटोन बदल. अगदी फालतू वाटेल हा उपाय, पण पैसे लागत नाहीत आणि बऱ्याच जणांना फरक पडतो.

आणि सगळं संपल्यावर जास्त ढेपाळले म्हणतेस, त्यात नवल काहीच नाही. चालू असताना पडायला सवडच नव्हती.

आता ह्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट, जी तू जाता जाता लिहिलीस. रविवारी चाललीस, छान वाटलं, आणि मंगळवारी आडवी झालीस. बहीण प्रेमानेच म्हणाली, आणि पुष्कळ लोकांसाठी तो सल्ला बरोबर पण असतो, पण सगळ्यांसाठी नाही. साध्या बसून राहण्याने शरीर ढिलं पडलं असेल तर चालल्यावर त्याच दिवशी दमायला होतं, पाय दुखतात, रात्री झोप बरी लागते आणि एकदोन दिवसांत गाडी जागेवर येते, अशा माणसाने हळूहळू वाढवत न्यावं आणि त्याचा फायदाच होतो. पण श्रम केल्यावर १२ ते ४८ तासांनी माणूस कोसळतो, नुसतं अंग दुखत नाही तर डोकं चालेनासं होतं, उजेड आवाज नकोसा होतो, आणि हे एकदोन दिवस किंवा त्याहून जास्त टिकतं, हा प्रकार वेगळा. लाँग कोविडमध्ये, म्हणजे कोविड होऊन गेल्यावरही त्रास महिनोन् महिने रेंगाळतो त्यात, हा खूप जणांत दिसतो. तिथे जोर लावणं म्हणजे आजार वाढवून घेणं. नुसत्या शारीरिक श्रमाने नाही, लांबलेली मीटिंग किंवा मोठं भांडण झालं तरी होऊ शकतं.

तुला लाँग कोविडच आहे असं मी म्हणत नाहीये, मी समुपदेशन करते, डॉक्टर नाही. पण शक्यता तपासायला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेनं ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याची व्याख्या केली, साधारण अशी की कोविड झाल्यानंतर तीन महिन्यांच्या सुमारास जी लक्षणं असतात, किमान दोन महिने टिकतात आणि ज्यांचं दुसरं कुठलं कारण सापडत नाही. थकवा, धाप आणि विचार-स्मरणशक्तीचा गोंधळ, ज्याला सगळे ब्रेन फॉग म्हणतात, ही त्यातली मुख्य. घरच्या घरी बऱ्या झालेल्या लोकांना पण होतं हे. आणि ह्याची एक अशी खात्रीची टेस्ट नाहीये, त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल ह्याचा अर्थ इतकाच की जे तपासलं ते नॉर्मल आलं.

म्हणून पुढच्या भेटीआधी दोन आठवडे एक वही कर. ॲप नको, ॲप उघडलं की तू बातम्या वाचत बसशील. रोज तीनच ओळी: आज काय काय केलं, झोप कशी झाली, आणि काल-परवा जे केलं त्यानंतर आज शरीर कसंय. उदाहरणार्थ: "शनिवार: कपाट आवरलं दीड तास, पाहुणे. रविवार: ठीक. सोमवार: दुपारपासून डोकं जड, बोलताना अडखळले." अशी दोनतीन कोसळणी एकाच पद्धतीने दिसली की डॉक्टरांसमोर ठेवायला तुझ्याकडे काहीतरी ठोस असेल. नुसतं थकवा येतो म्हटलं तर थकवा सगळ्यांनाच येतो ग, दिवसभर पेशंट बघणाऱ्या डॉक्टरला पण येतो. त्याऐवजी सांग की आधी मी दोन मजले बोलत बोलत चढायचे, आता एका मजल्यावर थांबते. आधी ऑफिसचा मेल दहा मिनिटांत लिहायचे, आता तीनदा वाचावा लागतो. असं मोजता येईल असं बोललं की समोरचा माणूस पेन हातात घेतो.

आणि विचार त्यांना की हिमोग्लोबिन, फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, थायरॉइड, बी १२, डी, साखर, बीपी हे सगळं झालंय का, कारण ह्यातलं काही कमीजास्त असलं तर थकवा येऊ शकतो आणि काहींमुळे केस पण गळतात. केसांचं अजून एक, ताप किंवा मोठा ताण येऊन गेला की दोनतीन महिन्यांनी केस झुपकेच्या झुपके जातात आणि बहुतेक वेळा काही महिन्यांत परत येतात, घाबरायचं नाही, पण कोविड होऊन बराच काळ लोटलाय आणि अजून गळतायत तर कारण शोधायचं. उभं राहिल्यावर धडधड किंवा गरगर वाढते का ते पण लक्षात ठेवून सांग, काही जणांत आडवं असताना पल्स ठीक असते आणि उठून उभं राहिल्यावर दहा मिनिटांच्या आत ३० किंवा जास्त ठोक्यांनी वाढते, बीपी मात्र पडत नाही, ते डॉक्टर दवाखान्यातच साधं झोपवून-उभं करून बघू शकतात.

अजून एक गोष्ट जी तू लिहिली नाहीस आणि कुणी विचारली पण नसेल. वय ४६. पाळी कशी आहे? रजोनिवृत्ती जवळ यायला लागली की रात्रीची जाग, धडधड, घाम, चिडचिड, शब्द न सापडणं हे सगळं त्यातही होतं, आणि ह्या वयाच्या कितीतरी बायका साथीच्या वर्षांमध्येच त्या टप्प्यात शिरल्या आणि सगळं खापर कोविडवर किंवा टेन्शनवर फोडून मोकळ्या झाल्या. त्यावर उपचार आहेत. स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखव, उगाच सोसत बसू नकोस.

वही भरेपर्यंत आणि निदान होईपर्यंत चालण्याचं टार्गेट बाजूला ठेव. आठवड्याला १५० मिनिटं मध्यम व्यायाम वगैरे जे सांगतात ते योग्यच आहे, पण ते आत्ता तुझ्यासाठी नाही. तुझ्यासाठी नियम उलटा, दमायच्या आधी थांबायचं. म्हणजे बरं वाटतंय म्हणून एका दिवसात सगळी तुंबलेली कामं उरकायची नाहीत, तीच खरी खोड असते आपली, चांगला दिवस मिळाला की दहा दिवसांचं काम त्यात कोंबायचं आणि मग पुढचा आठवडा आडवं. काम तोडून तोडून कर, बसून करता येईल ते बसून कर, दोन कामांमध्ये खरंच आडवी हो, फोन न बघता. ह्याला पेसिंग म्हणतात. आळशीपणा दिसतो तो लांबून, दिसू दे. आणि वहीत कोसळणं दिसलंच नाही, तर मग बहिणीचं ऐक, पण एक तास नाही, दहा मिनिटं, आणि ती जमली की मग पुढे.

ज्यांच्यासाठी वाट बघायचीच नाही अशी पण लक्षणं आहेत, छातीत दुखणं, बसल्या जागी धाप लागणं, चक्कर येऊन पडणं, काही न करता वजन उतरणं. ह्यात वही-बिही काही नाही, सरळ दवाखाना.

रात्री तीनची जाग. झोप प्रत्येकाचीच रात्रीतून थोडीथोडी तुटते, पहाटेकडे ती हलकीच असते, फक्त एरवी आपण कूस बदलून परत झोपतो आणि आपल्याला आठवत पण नाही. तू मात्र जाग आली की घड्याळ बघतेस, हिशोब करतेस की आता तीनच तास उरले, मग उद्याची मीटिंग, मग मुलाचे मार्क, आणि वॉचमन म्हणतो चला, काहीतरी आहे बहुतेक. घड्याळ दिसणार नाही असं ठेव. वीसेक मिनिटं तळमळत पडलीस असं वाटलं तर उठून मंद उजेडात दुसरीकडे बस, काहीतरी कंटाळवाणं वाच, डोळे मिटायला लागले की परत ये. उठायची वेळ मात्र रोज एकच, रविवारी पण. आणि सकाळी उठल्यावर लवकरात लवकर बाहेरचा उजेड डोळ्यांना मिळू दे, खिडकीत किंवा गॅलरीत उभी राहिलीस तरी चालेल, कारण शरीराचं घड्याळ उजेडावर लागतं, आणि त्या काळात आपण महिनोन् महिने घरात ट्यूबलाइटखाली आणि स्क्रीनसमोर काढले, दिवस कुठे सुरू झाला आणि कुठे संपला तेच कळत नव्हतं. दुपारनंतर कॉफी नको. फोन दुसऱ्या खोलीत. हे शेवटचं कुणी ऐकत नाही हे मला माहितेय.

लिफ्टमधल्या खोकल्याचं जरा नाजूक आहे. घरात म्हातारं माणूस आहे, तेव्हा गर्दीत मास्क लावणं, आजारी माणसापासून लांब राहणं, लस वेळेवर घेणं ह्याला मी भीती म्हणणार नाही, ती अक्कल आहे आणि त्यावरून कुणी हसत असेल तर हसू दे. फरक कुठे बघायचा सांगते, काळजी घेतली की संपते. मास्क लावला, झालं, पुढच्या कामाला लागलो. चिंता मात्र काही केलं तरी संपत नाही, मास्क लावूनही श्वास धरायचा, घरी येऊन तीनदा ताप बघायचा, मग पुढच्या वेळी जिना, मग पुढच्या वेळी जायचंच नको. आणि टाळलं की त्या क्षणी सुटल्यासारखं वाटतं, म्हणून मेंदू शिकतो की टाळलं म्हणून वाचलो. ते मोडायचं तर छोट्या छोट्या पायऱ्यांनी, आधी एक मजला लिफ्टने, श्वास न धरता, भीती वाढू द्यायची आणि आपोआप उतरू द्यायची, ती उतरतेच, फक्त आपण तिला तेवढा वेळ देत नाही. मग दोन मजले. एकटीला जमत नसेल तर ह्यासाठी थेरपिस्ट असतात, त्यांचं रोजचं काम आहे ते.

थेरपिस्टवरून आठवलं, मनाचं पण तपासून घे, शरीराचं सापडलं म्हणून मन सुटत नाही. दोन आठवडे किंवा जास्त, जवळजवळ रोज, दिवसातला बराचसा वेळ उदास वाटत असेल, आवडत्या गोष्टीत पण रस उरला नसेल, आपण निरुपयोगी आहोत असं वाटत असेल तर डिप्रेशनसाठी दाखवायचं. तुझ्या पत्रात मला दमणूक जास्त दिसते, तुला करायचं खूप आहे पण होत नाहीये, आणि डिप्रेशनमध्ये बहुतेक वेळा करावंसंच वाटत नाही. पण ही ढोबळ गोष्ट आहे, दोन्ही एकत्र पण असतात, ठरवायचं त्यातल्या माणसाने. आणि मरणाचे विचार आले, अगदी ओझरते आले तरी, त्याच दिवशी घरात कुणाला तरी सांगायचं आणि त्याच दिवशी डॉक्टर किंवा हेल्पलाइन. उद्यावर नाही.

अजून एक विचारते. मावशी कंसात का आहे?

पूर्ण पत्रात तू एकच वाक्य कंसात टाकलंयस आणि तेच नेमकं जिने तुला सांभाळलं तिच्याबद्दल. घरात कुणी गेलं नाही असं लिहून झाल्यावर. अग गेली की तुझी आई जवळजवळ. आणि ती कशी गेली, तर तुला हात लावता आला नाही, जवळ बसता आलं नाही, फोनच्या स्क्रीनवर मास्कमधला चेहरा, आणि त्यात नेटवर्क. माणूस गेल्यावर लोक जमतात, रडतात, तिच्याबद्दल बोलतात, कुणीतरी काहीतरी जुनं सांगून हसवतं पण, आणि ह्या सगळ्यातून हळूहळू पटत जातं की गेली. तुमचं ते झालंच नाही. कॉल कट झाला आणि तू बहुतेक परत लॅपटॉपसमोर बसलीस. लाखो लोकांचं असंच झालं. महिनोन् महिने तीव्र दुःख हलेना आणि रोजचं जगणंच अडलं तर त्याला आता वैद्यकशास्त्रात स्वतंत्र निदान आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत ते आलंय, किमान सहा महिने ही त्याची एक अट. तुझं तेवढं आहे का नाही मला एवढ्याशा कंसावरून कळणार नाही. पण राहिलेलं रडणं आता पण करता येतं, त्याची तारीख उलटत नाही. मावशीला ओळखणारी जी माणसं आहेत, तिची मुलं, तुझी बहीण, त्यांना एक दिवस बोलव, तिचे जुने फोटो बाहेर काढा, बोला. पुण्यतिथीची वाट बघू नका. नंतरचा दिवस मोकळा ठेव पण, कारण असा दिवस पण श्रमच असतो, वर लिहिलंय तसं.

मुलाचं. तो आज १५ चा आहे, म्हणजे सगळं सुरू झालं तेव्हा बराच लहान होता, मित्रांशी भांडून परत मैत्री कशी करायची, कुणी नाही म्हटलं की काय करायचं, हे ज्या वयात मैदानात शिकतात त्या वयात तो स्क्रीनवर एका चौकोनात बसलेला होता. दार लावणं ह्या वयात नॉर्मल आहे, अर्धी मुलं तेच करतात. लेक्चर देऊ नकोस, बाहेर काढायला काहीतरी कामाला लाव, गाडीत शेजारी बसव, समोरासमोर बसवून विचारलं की ही मुलं मिटतात, शेजारी बसून काहीतरी करताना बोलतात. उघड्यावर रोज थोडा वेळ गेलाच पाहिजे, त्या काळात घरात बसून लहान मुलांचे चष्म्याचे नंबर वाढल्याचं बऱ्याच ठिकाणी दिसलं, नंबर एकदा तपासून आण. शाळा टाळायला लागला, जेवण सोडलं, रात्रीचा दिवस झाला, अंगावर जखमा दिसल्या, मित्र एकदम सगळे तुटले, तर मग हे वय असंच असतं म्हणून सोडायचं नाही.

सासरे. म्हातारपणी बसून राहिलं की मांड्यांचे स्नायू फार पटकन जातात आणि मग पडायची भीती वाटते, भीती वाटते म्हणून अजून बसतात. त्यांना खुर्चीतून हात न टेकवता उठायला सांग, जमतंय का बघ. नसेल जमत तर फिजिओथेरपिस्टला दाखवा, जमत असेल तर रोज तेच पाचसहा वेळा, शेजारी कुणीतरी उभं राहून. त्या वर्षांमध्ये राहिलेल्या तपासण्या, डोळे, कान, बीपी, साखर, त्या पण उरकून घ्या. ऐकू कमी यायला लागलं की पण माणसं बाहेर जाणं सोडतात आणि सांगत नाहीत. आणि हो, हे तू एकटीने करायचं नाहीयेस, मुलाला लाव त्यांच्याबरोबर, दोघांचं एकदमच होईल.

हे सगळं नवीन काही नाही म्हणा. २००३ मध्ये सार्सची साथ आली होती, त्यातून वाचलेल्या हाँगकाँगमधल्या लोकांना काही वर्षांनी तपासलं तेव्हा त्यातल्या बऱ्याच जणांना अजून थकवा होता आणि मनाचे आजार पण होते. ती माणसं पण घरच्यांना सांगत असतील की मला बरं नाहीये आणि घरचे म्हणत असतील की आता तर सगळं संपलं.

आता मिस्टर. मनाचे खेळ म्हणणारा माणूस दर वेळी निर्दयच असतो असं नाही. पुष्कळदा तो घाबरलेला असतो, कारण बायकोला खरंच काही असलं तर त्याला काय करायचं ते माहीत नसतं. त्यांना पण विचार एकदा, तुमची झोप कशी आहे म्हणून. चिडचिड वाढलीय का, पिणं वाढलंय का, ऑफिसातून आल्यावर गाडीतच बसून राहतात का थोडा वेळ. पुरुष उदास वाटतंय असं सहसा म्हणत नाहीत, डोकं फिरलंय म्हणतात. त्यांना समजावत बसू नकोस पण, तेवढी ताकद तुझ्याकडे आत्ता नाहीये. त्यांना काम दे. डॉक्टरांची अपॉइंटमेंट त्यांना घेऊ दे, आणि जाताना त्यांना बरोबर ने, ते बाहेर बसणार नाहीत, आत येतील. तू वही वाचायची आणि डॉक्टर जे बोलतील ते त्यांनी लिहून घ्यायचं, कारण तुला आत्ता घरी येईपर्यंत निम्मं आठवणार नाही. आणि डॉक्टरांनी हे सगळं ऐकून पण टेन्शन घेऊ नका एवढंच सांगितलं, तर दुसरे डॉक्टर बघा, लाँग कोविड बघणारे असले तर उत्तम. अपॉइंटमेंट सकाळची घ्या, आणि त्याच्या आदल्या दिवशी कपाट-बिपाट काही आवरायला काढू नकोस.